विश्लेषण : गाणे आले की पुढे सरकवता? मग हॉलिवूडचे ‘म्युझिकल’ कुठून पाहायला सुरुवात करावी?

मोबाइलवर चित्रपट पाहताना गाणे सुरू झाले की अंगठा आपोआप पडद्याच्या उजव्या बाजूला जातो. दोनदा टिचकी, दहा सेकंद पुढे. पुन्हा दोनदा, आणखी दहा. गाणे संपते, गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच चालू लागते आणि काही हुकले असे वाटतही नाही. अशा प्रेक्षकाला कोणी ‘माय फेअर लेडी’ किंवा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ पाहा म्हटले, की तो लांबूनच हात जोडतो. तीन तासांचा जुना चित्रपट, परकी भाषा आणि त्यात बोलता बोलता गाऊ लागणारी माणसे! तरीही याच प्रेक्षकाला आवडतील असे चार चित्रपट हॉलिवूडच्या जुन्या भांडारात आहेत. फक्त ते निवडताना आधी त्याची तक्रार नीट ऐकून घ्यावी लागते.

तक्रार नेमकी कशाची?

‘म्युझिकल’ म्हणजे गाणी असलेला चित्रपट, एवढीच व्याख्या धरली तर आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक चित्रपट त्यात बसेल. ‘आलम आरा’ या १९३१ सालच्या पहिल्या भारतीय बोलपटात सात गाणी होती आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’त ती सत्तरच्या घरात गेली. पण आपल्या चित्रपटांत गाणे बहुतेक वेळा गोष्टीच्या शेजारी उभे असते. ते वेगळे विकले जाते, वेगळे ऐकले जाते, लग्नाच्या वरातीत वेगळे वाजते. त्यामुळे ते गाळले तरी गोष्टीचे फारसे बिघडत नाही. अंगठ्याला ती टिचकीची सवय लावली आहे ती याच गाण्यांनी.

अमेरिकी म्युझिकलचा चांगला नमुना याच्या उलट चालतो. तिथे घटना गाण्याच्या आत घडते. गाण्याच्या आरंभी पात्र एका जागी असते आणि गाणे संपताना दुसऱ्या. दोघे अनोळखी असतात, गाण्याच्या शेवटी प्रेमात पडलेले असतात. बाप लग्नाला नाही म्हणत असतो, गाण्याच्या शेवटी त्याने होकार दिलेला असतो. असे गाणे पुढे सरकवले की गोष्टच हातातून निसटते. १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या ‘ओक्लाहोमा!’ या नाटकाने ही रीत पक्की केली असे मानतात.

म्हणून ‘म्युझिकल आवडत नाही’ असे म्हणणाऱ्याला आधी विचारावे, नेमके काय आवडत नाही? गाणे अचानक सुरू होते हे? त्यात गोष्ट थांबते हे? की सगळे फार गोड गोड असते हे? वांग्याच्या भाजीला नाक मुरडणारा पाहुणाही कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत दुसऱ्यांदा मागून घेतो. वांगे तेच असते.

यात असोद्याचा काय संबंध?

जळगावला खेटून असलेल्या असोदा गावात २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण गाणे माणसाच्या आयुष्यात कुठून येते, याची दोन उत्तरे एकाच वर्षी जन्माला आली, हे खरे.

संगीत नाटकातले पद रागदारीवर उभे होते. गाणारा नट रंगला, ‘वन्स मोअर’ पडला, की नाटक थांबायचे आणि मैफल सुरू व्हायची. प्रेक्षक त्याचसाठी तर आलेले असत. बालगंधर्वांचे गाणे ऐकायला जाणाऱ्याला कथानकाची घाई नव्हती. या बालगंधर्वांनी लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते. आजच्या प्रेक्षकाला मात्र ही थांबलेली गोष्ट जाचते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

बहिणाबाईंचे गाणे रंगमंचावरचे नव्हतेच. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करता करता ओव्या जुळत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. त्याचे नाव ‘बहिणाबाईंची गाणी’ असे आहे, ‘कविता’ असे नाही. जात्यावर बसलेली बाई मध्येच का गाते, असे असोद्यात कोणी विचारले नसते. दळणाला लय लागते आणि मनात साठलेले बोलायला दुसरी जागा नसते. कानबाईच्या रात्री गाणी होतात, हळदीला होतात. ‘खऱ्या आयुष्यात कोणी असे गात नाही’ हा आक्षेप खान्देशात तरी जरा जपून घ्यावा लागेल.

गाणे अचानक सुरू होते, हेच खटकत असेल तर…

मग बॉब फॉसी दिग्दर्शित ‘कॅबरे’ (१९७२) पाहावा. १९३१ चे बर्लिन, नाझी सत्तेवर यायच्या बेतात, आणि किट कॅट क्लब नावाचा एक रात्रीचा अड्डा. लायझा मिनेली तिथली गायिका आहे. इथे कोणी रस्त्यावर किंवा स्वयंपाकघरात गात नाही. गाणी क्लबच्या रंगमंचावर होतात, कारण गाणे हे तिथल्या माणसांचे पोट भरण्याचे साधन आहे.

मराठी प्रेक्षकाला ही युक्ती नवी नाही. त्याच १९७२ साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. त्यातल्या लावण्या फडावर होतात, म्हणून गाण्यांचा कंटाळा असणारेही त्या चित्रपटाबद्दल कुरकुर करत नाहीत. आणखी गंमत म्हणजे ‘पिंजरा’ची मूळ कथा जर्मन आहे. बर्लिनमध्ये तयार झालेल्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या चित्रपटातला गायिकेच्या नादी लागलेला शिक्षक मराठीत फडावरच्या चंद्रकलेच्या नादी लागलेला मास्तर झाला. म्हणजे डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि लायझा मिनेलीची गायिका ही एकाच काळच्या, एकाच शहराच्या गल्लीतून निघालेली पात्रे आहेत.

‘कॅबरे’त क्लबबाहेर गायले जाणारे गाणे एकच आहे. बागेतल्या उपाहारगृहात एक गोरागोमटा मुलगा गाऊ लागतो. आवाज गोड, चेहरा निष्पाप. कॅमेरा हळूहळू खाली येतो आणि त्याच्या दंडावरची स्वस्तिकाची पट्टी दिसते. मग एकेक माणूस उठून त्याच्या सुरात सूर मिसळतो. एक म्हातारा तेवढा बसून राहतो. एक देश कसा घसरत गेला हे सांगायला चित्रपटाला तीन-चार मिनिटे पुरतात, आणि ती मिनिटे गाण्याची आहेत. हे गाणे टिचकीने पुढे ढकलून पाहावे, म्हणजे काय गमावले ते कळेल. या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे मात्र ‘द गॉडफादर’ने नेले. विषय प्रौढांचा आहे, घरच्या सगळ्यांना घेऊन बसण्याचा हा चित्रपट नव्हे.

वेळ कमी असेल तर…

‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) फक्त १०३ मिनिटांचा आहे आणि तो मुळात विनोदी चित्रपट आहे. मूकपटांचा काळ संपून बोलपट आले तेव्हा हॉलिवूडची जी तारांबळ उडाली, तिची ही गोष्ट. मूकपटातली सौंदर्यवती नायिका लीना तोंड उघडते आणि तिचा चिरका आवाज ऐकून स्टुडिओचे धाबे दणाणते. मायक्रोफोन झुडपात लपवला तर तिचे बोलणे कधी ऐकू येते, कधी नाही. कपड्यात लपवला तर तिच्या छातीचे ठोके ऐकू येतात. ज्याने कधी फोनवर रील बनवताना आवाजाचा घोळ घातला असेल त्याला हा प्रसंग विशेष आवडेल.

आपल्याकडेही हेच घडले होते. ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले नावाजलेले मराठी नट. पण त्यांना हिंदुस्थानी उच्चार जमेनात, म्हणून त्यांच्या तोंडचे संवाद कमी केले गेले असे सांगतात. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, ही मूकपटांची सर्वांत मोठी नायिका. तिला भाषा शिकण्यासाठी काही काळ पडद्यापासून दूर राहावे लागले.

लीनाचा आवाज झाकण्यासाठी चित्रपटात कॅथी नावाची मुलगी पडद्यामागून बोलते आणि गाते, आणि हे गुपित फुटणे हाच कथेचा कळस आहे. पार्श्वगायिकेचे नाव नायिकेपेक्षा मोठे असणाऱ्या देशातल्या प्रेक्षकाला यात एवढे लपवण्यासारखे काय, असा प्रश्न पडेल. पण पुढची गोष्ट ऐका : कॅथीचे काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सची काही गाणी प्रत्यक्षात बेटी नॉइस या गायिकेने गायली, आणि तिचे नाव श्रेयनामावलीत नव्हते!

जीन केलीचे पावसातले नृत्य यातलेच. ते चित्रित करताना त्यांना १०३ अंश ताप होता असे म्हणतात. खरे तर आधी सांगितलेली कसोटी इथे लागू पडत नाही. हे गाणे गाळले तरी कथानक अडत नाही. प्रेमात पडलेला माणूस टॅक्सी परत पाठवतो, छत्री मिटतो आणि डबक्यांत उड्या मारतो, एवढेच त्यात आहे. पण मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघालेल्या जळगावकराला पहिल्या पावसात काय होते, हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेवढे चार मिनिटांचे गाणे आधी पाहावे. तरीही चेहऱ्यावर रेषा हलली नाही तर हा चित्रपट खुशाल सोडून द्यावा.

जाता जाता एक. हा चित्रपट एमजीएम स्टुडिओचा. तो परिसर आज सोनीकडे आहे, आणि ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तो सोनीच्याच स्टुडिओत.

बोलीवरून कोणी हसले असेल तर…

‘माय फेअर लेडी’ (१९६४) ही लंडनमधल्या फुले विकणाऱ्या एलायझाची गोष्ट. उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स पैज लावतो की सहा महिन्यांत तिला शुद्ध भाषा शिकवून बड्या घरच्या बाईसारखी उभी करीन. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’. पु. ल. देशपांडे यांनी त्याच नाटकावरून १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ केले आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा घराघरांत पोहोचवली.

ज्याला म्युझिकलचे गणित कळत नाही त्याने ही दोन शेजारी ठेवून पाहावीत. मंजुळेचे ते गाजलेले स्वगत आठवा. प्राध्यापकाने छळ छळ छळल्यावर, तो खोलीत नसताना ती त्याला धडा शिकवण्याची स्वप्ने पाहते. रागाने फणफणलेली, पण बोलण्याला ठेका आलेला, शब्दावर शब्द आदळत जाणारे. नेमक्या याच जागी ‘माय फेअर लेडी’त गाणे आहे. पुलंनी संवाद गाण्याच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन ठेवला. अमेरिकी लेखक-संगीतकारांनी उंबरठा ओलांडला. मराठीत ज्याला ते स्वगत आवडते, त्याला म्युझिकल आवडत नाही असे म्हणता येणार नाही. त्याला ते अजून भेटलेले नाही.

आणखी एक प्रसंग. रात्रंदिवस घोकूनही एलायझाच्या तोंडून एक साधा स्वर नीट निघत नाही. सगळे थकलेले, हिगिन्सच्या डोक्यावर बर्फाची पिशवी. आणि अचानक तिला तो उच्चार जमतो. ती पुन्हा म्हणते, पुन्हा जमतो, आणि तिथेच वाक्याचे गाणे होते. गाणे कुठे सुरू झाले हे बोट ठेवून दाखवता येत नाही. त्यातून हिगिन्सचे काम करणारे रेक्स हॅरिसन पूर्ण गातच नाहीत. ते सुरात बोलतात. गाण्यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

खान्देशातल्या वाचकाला यात एक जास्तीची गोष्ट दिसेल. हिगिन्स माणसाच्या उच्चारावरून तो लंडनच्या कोणत्या भागातला ते ओळखतो. असोदा-भादली पट्ट्यातला मुलगा पुण्यात शिकायला गेला आणि ‘केळी’ला ‘केयी’, ‘जळगाव’ला ‘जयगाव’ म्हणाला, तर वर्गातल्या हिगिन्सना तेवढा एक ‘ळ’ पुरतो. मग तो मुलगा चारचौघांत कमी बोलू लागतो. लेवा गणबोलीतला हाच उच्चार बहिणाबाईंच्या पुस्तकात छापला गेला, शाळेत शिकवला गेला आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हसणे मात्र पुरते थांबले असे नाही. एलायझा भाषा शिकते, पैज जिंकून देते आणि मग विचारते की आता माझे काय, मी ना इकडची ना तिकडची. हा प्रश्न खोटा नाही. शेवट मात्र खोटा आहे. शॉ यांना एलायझाने प्राध्यापकाकडे परत जाणे मान्य नव्हते; चित्रपट तिला परत आणतो. त्या शेवटच्या दोन मिनिटांवर रागावण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे.

या चित्रपटालाही आठ ऑस्कर मिळाली, पण नायिका ऑड्री हेपबर्नला नामांकनही नाही. तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात होती. रंगभूमीवर एलायझा गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला स्टुडिओने पुरेशी प्रसिद्ध नाही म्हणून डावलले होते. त्याच वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर तिला ‘मेरी पॉपिन्स’साठी मिळाले.

आणि घरात लेकींच्या लग्नाचा विषय असेल तर…

‘फिडलर ऑन द रूफ’ (१९७१) हा या सगळ्यांत असोद्याच्या सर्वांत जवळचा चित्रपट. १९०५ च्या सुमारास झारच्या रशियातले अनातेव्हका नावाचे ज्यूंचे खेडे. तेव्ये नावाचा दूधवाला, त्याची बायको गोल्डे आणि पाच मुली. घोडा लंगडतो म्हणून तेव्ये स्वतःच गाडी ओढतो आणि वाटेत देवाशी भांडत बोलत राहतो. स्थळे सुचवणारी म्हातारी गावात आहेच.

थोरल्या मुलीसाठी वयस्क, पैसेवाल्या खाटकाचे स्थळ येते आणि बाप शब्द देऊन बसतो. मराठी वाचकाला इथे देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) आठवेल. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी पोरगी. पण तेव्ये कांचनभटासारखा लोभी नाही. मुलीचे मन गरीब शिंप्यावर आहे हे कळल्यावर तो विरघळतो. आता बायकोला कसे सांगायचे? तो रात्री दचकून उठल्याचे सोंग करतो आणि स्वप्न सांगतो. बायकोची मेलेली आजी आली, शिंप्यालाच मुलगी द्या म्हणाली. मग खाटकाची मेलेली बायकोही आली आणि गळा दाबायला धावली! हे सगळे गाण्यात घडते, आणि गाणे संपेपर्यंत लग्न फिरलेले असते. दुसरी मुलगी क्रांतिकारक विद्यार्थ्याशी लग्न ठरवून केवळ आशीर्वाद मागते. तिसरी धर्माबाहेर जाते, आणि तिथे तेव्येचे मन वाकत नाही. तो तिला मेलेली समजतो. चित्रपट त्याला यासाठी झोडपत नाही आणि पाठीशीही घालत नाही. ज्या घरात असे घडले आहे त्या घरात हा भाग पाहणे सोपे जाणार नाही.

यातले एक गाणे मात्र प्रत्येकाने पाहावे. मुली प्रेम प्रेम म्हणू लागल्यावर तेव्ये बायकोला, लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यावर, पहिल्यांदा विचारतो की तुझे माझ्यावर प्रेम आहे का. ती आधी त्याला अपचन झाले असेल, जाऊन पड म्हणते. मग कामे मोजू लागते. कपडे धुतले, रांधले, घर झाडले, पोरे वाढवली, गाय पिळली; आता हे काय विचारणे? नाच नाही, वाद्यांचा गदारोळ नाही, दोघेही जवळजवळ बोलतातच. बहिणाबाईंनी संसाराबद्दल चुलीचे, तव्याचे, हाताला बसणाऱ्या चटक्यांचे दाखले दिले, त्याच हिशेबाच्या वहीतले हे पान आहे. हाच प्रसंग संवादात लिहिला असता तर दोघांनाही तो बोलता आला नसता. कोणीतरी लाजून विषय बदलला असता.

शेवटी सरकारी हुकूम येतो, तीन दिवसांत गाव सोडा. माणसे भांडीकुंडी गाड्यांवर लादून चिखलातून निघतात. तिथे गाणे जवळजवळ थांबलेले असते.

कशाने सुरुवात करू नये?

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) चांगला चित्रपट आहे, पण गोडव्याची तक्रार असणाऱ्याला तो पहिला देऊ नये. सात गुणी मुले, डोंगर आणि गाणारी शिक्षिका एवढ्यावरच तो उठून जाईल आणि उत्तरार्धात नाझी दाराशी येतात तिथपर्यंत पोहोचणारच नाही. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) दहा ऑस्करवाला, रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट न्यूयॉर्कच्या टोळ्यांत नेणारा. पण त्यातली नृत्ये मोठ्या पडद्यासाठी बेतलेली आहेत. पाच-सहा इंचांच्या फोनवर ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. तो टीव्हीला फोन जोडूनच पाहावा.

फोनवर पाहायचा तर ‘सिंगिंग इन द रेन’ आणि ‘कॅबरे’ चालतील. ‘माय फेअर लेडी’ आणि ‘फिडलर’ प्रत्येकी तीन तासांच्या आसपास आहेत, पण दोन्हींना मूळचाच मध्यंतर आहे. तिथे थांबून उरलेला भाग दुसऱ्या रात्री पाहिला तर काही बिघडत नाही. इअरफोन लावावेत आणि सबटायटल गाण्यांच्या वेळीही चालू ठेवावीत, कारण गोष्ट तिथेच चाललेली असते. गाण्यांच्या सुट्या क्लिप आधी पाहून ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. गोल्डेचे उत्तर ऐकण्याआधी तिने दोन तास घर सांभाळताना दिसायला हवे.